‘सामान मिळत नाही!’

दिवाळीच्या आधीचा पंधरवडा म्हणजे घरातल्या जुन्या वस्तूंच्या परीक्षेचा काळ. माळ्यावरच्या, कॉटखालच्या, जिन्याखालच्या वस्तू एकेक करून उजेडात येतात, त्यांच्यावरची धूळ झटकली जाते आणि घरातली कर्ती मंडळी त्यांचा निकाल लावतात. काहींना पुन्हा माळा मिळतो, काहींच्या नशिबी भंगारवाला येतो. हा निकाल देताना एक वाक्य मात्र घरोघर ऐकू येते : ‘दुरुस्त करायला हरकत नव्हती हो, पण आता याचं सामान मिळत नाही.’ शिवणाचे यंत्र असो, लंबकाचे घड्याळ असो, की आजोबांचा रेडिओ असो, हे वाक्य उच्चारले गेले की खटला संपला. त्यावर अपील नाही.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. यंत्रांशी माझा संबंध बेताचाच. पण वाक्यांशी रोजचा संबंध आहे, आणि गेल्या वर्षी एका सायकलच्या निमित्ताने या वाक्याची जरा कसून तपासणी करण्याचा योग आला. त्या तपासणीअंती माझे असे मत झाले की, ‘सामान मिळत नाही’ याचा खरा अर्थ पुष्कळ वेळा ‘हवे ते सामान कोणते, हे कुणाला सांगता येत नाही’ असा असतो. वस्तू जगात कुठे तरी असते. हरवलेले असते ते तिचे नाव, तिचे माप आणि तिचे गोत्र.

सायकल माझ्या मामांची. मामा तरुणपणी व्यापारी जहाजावर इंजिनखात्यात होते. पन्नासएक वर्षांपूर्वी त्यांनी जपानातल्या कोबे बंदरातून दहा गिअरांची एक सायकल आणली. त्या काळच्या पुण्यात सायकलींना काय तोटा! पण बहुतेक सगळ्या काळ्या, दणकट आणि एकाच चालीच्या. मामांची सायकल निळी, तिचे हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले, आणि मागच्या चाकाला एकीशेजारी एक अशा पाच दातेरी चकत्या. ती पेठेतून निघाली की पोरे मागे धावत, असे आई सांगे.

पुढे मामांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि सायकल जिन्याखाली गेली. गेल्या वर्षी मामांच्या नातीने ती बाहेर काढली. कॉलेजला हीच वापरीन म्हणाली. दोन दुकानांत नेऊन आणली. दोन्हीकडे तोच निकाल : गिअरचे खालचे चाक गायब आहे, माल जपानी आहे, सामान मिळत नाही. एका दुकानदाराने गिअर काढून टाकून साधी चेन बसवून देण्याची तयारी दाखविली. मामा म्हणाले, “देऊन टाका भंगारात. तिचं आणि माझं, दोघांचंही सामान मिळायचं बंद झालंय.” ऐंशीच्या घरातल्या माणसाने हसत हसत म्हटलेले हे वाक्य नातीला झोंबले. ती माझ्याकडे आली. “काका, तुम्ही जुन्या पोथ्यांचा छडा लावता ना? मग या चाकाचा लावा.”

रुळावरून घसरविणारा

ज्या यंत्राचे ते खालचे चाक, त्याचे नाव डिरेलर. शब्द मूळचा फ्रेंच. आगगाडी रुळावरून घसरते त्याच क्रियेवरून तो झाला आहे. रुळावरून घसरविणारा तो डिरेलर. येथे रूळ म्हणजे दातेरी चकती आणि गाडी म्हणजे चेन. चालत्या चेनला एका चकतीवरून हलकेच ढकलून शेजारच्या चकतीवर चढवायचे, एवढेच त्याचे काम. चढावर मोठी चकती घ्यावी म्हणजे पाय हलके पडतात. सपाटीवर छोटी घ्यावी म्हणजे त्याच पायांत वेग येतो. आपल्या बोरघाटात ज्यांनी सायकल चढविली आहे त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

काम एवढेसे, पण त्यासाठी युरोपात मोठी भांडणे झाली. फ्रान्समधल्या सेंट एतिएन गावचे पॉल द व्हिवी (१८५३-१९३०) हे गृहस्थ ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने लिहीत आणि गिअरांचा हिरिरीने पुरस्कार करीत. उलट १९०३ मध्ये सुरू झालेल्या ‘टूर द फ्रान्स’ या शर्यतीचे जनक आंरी देग्रांज यांना गिअर म्हणजे शर्यतीच्या मर्दानी खेळाला आणलेला बट्टा वाटे. त्यांच्या अमदानीत नामांकित शर्यतपटूंनी आल्प्सच्या पायथ्याशी खाली उतरावे, मागचे चाक सोडवून उलटे फिरवावे, दुसऱ्या बाजूची मोठी चकती चेनला जोडावी आणि मग घाट चढावा, असा रिवाज होता. डिरेलरला तेथे सर्वांसाठी मुभा मिळाली ती १९३७ मध्ये, देग्रांज बाजूला झाल्यानंतर. त्या वर्षी रोजे लापेबी डिरेलर लावूनच जिंकला.

आज आपण पाहतो तो डिरेलर १९५० च्या सुमारास रूढ झाला. इटलीतल्या व्हिचेन्झा येथील तुलियो कँपान्योलो यांच्या कारखान्याने ‘ग्रान स्पोर्त’ नावाचा डिरेलर काढला. त्याचे अंग म्हणजे शाळेच्या भूमितीतला समांतरभुज चौकोन. चार कोपऱ्यांना चार खिळी; तार ओढली की चौकोन एका बाजूला कलतो, तार सोडली की स्प्रिंग त्याला परत आणते. या चौकोनाच्या टोकाला एक पिंजरा लोंबतो आणि पिंजऱ्यात दोन छोटी दातेरी चाके असतात. त्यांना पुली म्हणतात. वरची पुली चेनला दिशा दाखविते. खालची पुली चेनचा ढिलेपणा ओढून धरते. १९६४ मध्ये जपानच्या माएदा कारखान्याने, म्हणजे ‘सनटूर’ छापाच्या मालकांनी, हा चौकोन तिरका बसविला. त्यामुळे चेन लहान चकतीवर असो वा मोठ्या, वरची पुली चकतीच्या सारखीच जवळ राहू लागली आणि गिअर झटपट पडू लागले. ही कल्पना इतकी सरस होती की १९८४ मध्ये त्या पेटंटची मुदत संपताच इतरांनी ती उचलली. आजही बहुतेक डिरेलर त्याच तिरक्या चौकोनाचे असतात. माएदांचा तो जुना गिअरकारखाना मात्र आता उरला नाही.

पुष्पिका

हस्तलिखित पोथी हाती आली की आम्ही आधी शेवटचे पान उलटतो. तेथे पुष्पिका असते : लेखक कोण, लेखनिक कोण, शके कोणते, गाव कोणते. डिरेलरलाही पुष्पिका असते, हे मला ठाऊक नव्हते. ती सहसा पाठीमागे, चाकाकडच्या बाजूला, पन्नास वर्षांच्या ग्रीसखाली दडलेली असते.

मामांच्या सायकलचा डिरेलर मी डिझेल आणि दातांचा जुना ब्रश घेऊन तासभर घासला. (प्लॅस्टिकचे भाग आधी वेगळे काढून साबणाच्या पाण्याने धुवावेत, पेट्रोल, थिनर त्यांना लावू नये.) पुढच्या पट्टीवर ‘सनटूर’ हे नाव आले. पाठीमागे दोनच रोमन अक्षरे उमटली : ‘आर’ आणि ‘ई’.

या दोन अक्षरांचा उलगडा सोपा आहे, आणि जुन्या सायकलींच्या शौकिनांमध्ये तो प्रसिद्धही आहे. सनटूरच्या मालावर पहिले अक्षर वर्षाचे आणि दुसरे महिन्याचे. ‘ए’ म्हणजे १९५८ पासून मोजत यावे. ‘आर’ हे अठरावे अक्षर, म्हणून १९७५. ‘ई’ पाचवे, म्हणून मे महिना. १९८३ ला ‘झेड’ संपला आणि १९८४ ला पुन्हा ‘ए’ आला. शिमानो या दुसऱ्या जपानी कारखान्याचीही रीत अशीच, फक्त त्यांचा ‘ए’ म्हणजे १९७६. कँपान्योलोच्या ‘न्यूओवो रेकॉर्ड’ या नामांकित डिरेलरवर ‘पेटंट’ या शब्दापुढे दोन आकडे असतात, तेच त्याचे साल.

आता येथे एक कौटुंबिक वाद उपस्थित झाला. मामांचे लग्न १९७५ च्या फेब्रुवारीतले. मामा आयुष्यभर सांगत आले की सायकल त्यांनी लग्नाआधी, स्वतःच्या हौसेने आणली. मामी आयुष्यभर सांगत आल्या की ती लग्नानंतर, त्यांच्या पायगुणाने आली. हा वाद दर दिवाळीच्या फराळाला नव्याने रंगे आणि अनिर्णित राही. तीन वर्षांपूर्वी मामी गेल्या, आणि वाद घालायला कुणी उरले नाही.

एका पुराव्यावर निकाल देऊ नये, हे आमच्या धंद्यातले पहिले सूत्र. डिरेलर मागाहून बदललेला असू शकतो. म्हणून मी पुढचा डिरेलर पुसून पाहिला. तेथे ‘आर डी’, म्हणजे एप्रिल. दांड्यावरच्या गिअरच्या दट्ट्यांवर पुन्हा ‘आर ई’. तीन साक्षीदार, एकमेकांना लागून असलेले महिने. मग मामांना त्यांचे जुने जहाजी पुस्तक काढायला सांगितले. खलाशी कोणत्या दिवशी जहाजावर चढला, कोणत्या दिवशी उतरला, याच्या नोंदी त्यात असतात. १९७५ च्या जुलैत चढले, पुढच्या वर्षी मुंबईला उतरले. मामांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि नोंद दोनदा वाचली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे ती बरोबर होती तर.” त्यानंतर भंगाराचे नाव त्यांनी काढले नाही.

बुश नावाची लहानशी गोष्ट

आता मूळ मुद्दा, खालच्या पुलीचा. ती नव्हती. तिच्या जागी कुणी तरी एक नळीचा तुकडा आणि चार वायसर घालून ठेवले होते. मामांच्या मुलाने पूर्वी दोन-तीन ठिकाणी विचारणा केली होती : ‘जुन्या जपानी सायकलच्या गिअरचं खालचं चाक हवं आहे.’ कुणी उत्तरच दिले नव्हते. द्यायचे तरी काय? ‘अमुक गावच्या एका जोशांना निरोप द्या’ असे सांगण्यासारखेच ते होते.

सुदैवाने वरची पुली जागेवर होती. त्या काळच्या पुष्कळ डिरेलरांत वरची आणि खालची पुली सारखीच असते. म्हणजे जी आहे तिच्यावरून जी नाही तिचे माप काढता येते. आमच्या बोळाच्या तोंडाशी सायकल दुरुस्त करणारे एक वयस्क मिस्त्री आहेत. गिअरची सायकल त्यांच्याकडे क्वचितच येते, पण लोखंडाची जात त्यांना चांगली कळते. त्यांनी मला चार गोष्टी शिकविल्या, आणि त्या कुठल्याही छोट्या सुट्या भागाला लागू आहेत.

पहिली गोष्ट दातांची. दात मोजा आणि त्यांचा आकार पाहा. आमच्या पुलीला दहा दात होते. आजच्या बऱ्याच पुल्यांना अकरा असतात. दाताचे टोक सपाट असेल तर पुली ठीक. शार्क माशाच्या परांसारखे एका बाजूला झुकलेले, टोकदार दात दिसले तर ती झिजली.

दुसरी गोष्ट बुशची. पुली म्हणजे एकच चाक नव्हे. मध्ये एक धातूची आखूड नळी असते, तिला बुश म्हणतात. बुशभोवती चाक फिरते. दोन्ही बाजूंना धूळ अडविणारी दोन टोपणे असतात. आणि आरपार एक बोल्ट जातो. बुश चाकाच्या जाडीपेक्षा केसभर लांब असतो. बोल्ट घट्ट आवळला की पिंजऱ्याच्या दोन पट्ट्या बुशला दाबतात, चाकाला दाबत नाहीत, म्हणून चाक मोकळे फिरते. बुश आखूड पडला की चाक जाम. फार लांब असला की चाक डुगडुगते. गिअर ‘जड’ झाला, असे म्हणून माणसे जो डिरेलर फेकून देतात, त्यात कित्येकदा हा शेंगदाण्याएवढा बुश तरी झिजलेला असतो किंवा भलताच घातलेला असतो.

तिसरी गोष्ट आट्यांची. पुलीचा बोल्ट पाच मिलिमीटर व्यासाचा, आट्यांतील अंतर ०.८ मिलिमीटर, हे माप आजही सर्रास मिळते. पण नुसता व्यास जुळून भागत नाही. मिस्त्रींनी जुना बोल्ट आणि नवा बोल्ट एकमेकांना चिकटवून खिडकीच्या उजेडात धरले. आट्यांत आटे बसून मध्ये उजेड दिसला नाही तर जोडी जमली. उजेडाच्या फटी दिसल्या तर सोयरीक मोडावी. जबरदस्तीने फिरविलेला बोल्ट नुसता स्वतः मरत नाही, पिंजऱ्याचेही आटे खाऊन जातो.

चौथी गोष्ट टांगणीची. डिरेलर मागच्या चाकाच्या आसाजवळ एका कानाला टांगलेला असतो. या कानांचेही घराणे असते. कँपान्योलोचा दहा मिलिमीटरचा आट्यांचा कान पुढे जगभर रूढ झाला. फ्रान्समधल्या सिम्प्लेक्सचा जुना कान बिनआट्यांचा. स्वस्त सायकलींना कानच नसे. त्यांत डिरेलर एका वेगळ्या पट्टीने आसाला अडकवीत. डिरेलरवरचे नाव पुसले गेले असले तरी टांगणी पाहून निम्मे गोत्र कळते. पदार्थावरूनही कळते. १९६० नंतरच्या दशकात सिम्प्लेक्सने आपल्या ‘प्रेस्तीज’ डिरेलरात डेलरिन नावाचे तेव्हाचे नवे प्लॅस्टिक भरपूर वापरले होते. ते हलके आणि गंजमुक्त, पण वयपरत्वे त्याला चिरा पडतात. असा डिरेलर सापडला तर उजेडात धरून चिरा तपासाव्यात, मगच त्यावर भरवसा ठेवावा.

ही मापे घेऊन आम्ही पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी हिंडलो. मुलांच्या मोडक्या सायकलीचा एक गिअर मिळाला. त्याची पुली अकरा दातांची. ती बसविली, तर दाताचे टोक पिंजऱ्याच्या आतल्या बाजूला घासू लागले. एका दाताचा फरक! मात्र त्या गिअरमधले दोन बोल्ट आणि एक टोपण तंतोतंत बसले. मग नातीने परदेशातल्या जुना माल ठेवणाऱ्या काही विक्रेत्यांना पाच ओळींचे पत्र पाठविले : कारखाना अमुक, घडण मे १९७५ ची, दात दहा, चाकाची जाडी इतकी, भोकाचा व्यास इतका, बुशची लांबी इतकी, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो. तिसऱ्या दिवशी एकाचे उत्तर आले : ‘आहे. दोन आहेत. पाठवू?’ किंमत एका सिनेमाच्या तिकिटाएवढी आणि टपालखर्च त्याच्या तिप्पट. दोनही मागविल्या.

ज्या चाकाचे ‘सामान मिळत नाही’ म्हणून अख्खी सायकल भंगारात निघाली होती, ते चाक कुणाच्या तरी खणात, कागदाच्या पुडीत, इतकी वर्षे वाट पाहत होते.

बदलावे किती?

सायकल उघडली आहे तर सगळेच नवे का घालू नये? हा प्रश्न येतोच. एका संग्राहक मित्राचे मत अगदी उलट : मूळच्या वस्तूला हात लावू नका, गंजासकट भिंतीवर टांगा. मला दोन्ही मते पटली नाहीत. प्राचीन ग्रंथाचा संपादक आपल्याला न कळलेला शब्द खोडून सोपा शब्द घालत नाही. पण पान वाळवीने खाल्ले असेल तर तेथे नुसते भोकही ठेवत नाही. दुसऱ्या प्रतीवरून पाठ घेतो आणि तळटीप देतो.

सायकलला हाच न्याय लावला. जे झिजून कामातून गेले तेवढेच बदलायचे. पट्ट्या, चौकोन, स्प्रिंगा, मूळच्या ठेवल्या. चौकोनाच्या चार खिळींना तेलाचा एकेक थेंब दिला. पिंजऱ्याची स्प्रिंग काढण्याआधी तिचे टोक कोणत्या भोकात अडकले आहे याचा फोटो घेऊन ठेवला. कारण भोक चुकले की चेनचा ताण बिघडतो, आणि स्प्रिंग हाताने ताणून तो ‘वाढविणे’ म्हणजे तिचा घातच. तार मात्र नवी घातली. गिअरची तार १.२ मिलिमीटर जाडीची असते, ब्रेकची दीड मिलिमीटरच्या आसपास. हाताशी आहे म्हणून ब्रेकची तार गिअरला घालू नये.

चेनचा कौल मोजपट्टीने घेतला. चेनच्या एका खिळ्यापासून पुढच्या खिळ्यापर्यंत अर्धा इंच, म्हणजे चोवीस अंतरांना बरोबर बारा इंच भरले पाहिजेत. एक-सोळांश इंच जास्त भरले तर चेन बदलावी. एक-अष्टमांश जास्त भरले तर चेनने मागच्या चकत्याही खाल्ल्या असे समजावे. आमची चेन पहिल्या मर्यादेवर होती, बदलली. येथेही रुंदी विचारून घ्यावी. आपल्या साध्या सायकलीची चेन एक-अष्टमांश इंच रुंदीची, डिरेलरची तीन-बत्तिसांश. चुकीची रुंद चेन घातली तर डिरेलरचा काहीही दोष नसताना तो बदनाम होतो.

जुन्या सायकलवाल्यांच्या बाजूने एक गोष्ट मुद्दाम सांगतो. १९८४ मध्ये शिमानोने ‘ड्युरा-एस’ या मालिकेत ‘खट्’ आवाजाचे, ठराविक पायऱ्यांचे गिअर आणले, आणि तेव्हापासून दट्ट्या, डिरेलर, चकत्या यांची पत्रिका जुळावीच लागते. त्याआधीचे बहुतेक दट्टे नुसत्या घर्षणावर थांबणारे. कुठे थांबायचे ते स्वार कानाने ठरवितो. त्यामुळे त्या दट्ट्याने जवळजवळ कोणत्याही घराण्याचा डिरेलर चालविता येतो. नेमका भाग जन्मात मिळाला नाही, तरी जुनी सायकल अडून बसत नाही.

दोन स्क्रू आणि एक जीव

शेवटचा भाग हौसेचा नाही, जिवाचा आहे. मागच्या डिरेलरवर दोन बारीक स्क्रू शेजारी शेजारी असतात. पुष्कळदा त्यांच्याजवळ ‘एच’ आणि ‘एल’ ही अक्षरे असतात. एक स्क्रू चेनला छोट्या चकतीच्या पलीकडे पडू देत नाही, दुसरा मोठ्या चकतीच्या पलीकडे जाऊ देत नाही. मोठ्या चकतीच्या पलीकडे काय असते? फिरत्या चाकाच्या तारा. तो स्क्रू सैल राहिला आणि चढावर कुणी जोराने दट्ट्या ओढला, तर चेन किंवा डिरेलरच तारांत जाऊन चाक जागच्या जागी थांबते. स्वार थांबत नाही. नवी पुली घालून, नवी तार ओढून, हे स्क्रू न तपासता पोराला रस्त्यावर पाठविणे म्हणजे पोथी शुद्ध करून तिला पेटत्या दिव्याखाली ठेवणे आहे.

आम्ही सायकल झोपाळ्याच्या कड्यांना दोरांनी टांगली. मामा खुर्ची घेऊन समोर बसले. आधी छोट्या चकतीवर चेन आणून पाठीमागून पाहिले : पुली आणि चकती एका रेषेत. मग पायडल फिरवीत डिरेलर हातानेच आत ढकलून पाहिला : चेन मोठ्या चकतीवर चढते, पण तारांकडे एक रेसही जात नाही. टांगणीचा कान वाकडा असेल तर ही रेषा कधीच जुळत नाही. पोलादी कान जाणता कारागीर सरळ करून देतो. डोळ्यांनी अधू झालेले मामा कानाने सांगत होते, “अजून घासतंय. पाव फेरा. हं, आता सोड.” जहाजाचे इंजिन ऐकलेला कान तो. पाचही चकत्यांवरून चेन खाली आली, पुन्हा वर गेली, आणि मोकळ्या चाकाचा तो बारीक टकटक आवाज घरभर घुमला.

गेल्या पाडव्यापासून नात त्या सायकलवरून कॉलेजला जाते. दुसरी पुली मामांच्या कपाटात, मामींच्या कुंकवाच्या जुन्या डबीत ठेवली आहे.

तेव्हा वाचकहो, यंदा माळा काढाल तेव्हा निकाल देण्याआधी थोडी सवड द्या. वस्तू पुसा, पाठ फिरवून पाहा, नाव शोधा, दात मोजा, माप घ्या, आणि मग विचारणा करा. कधी खरोखरच काही मिळणार नाही. तेव्हा खुशाल निरोप द्या. पण जो भाग बदलाल तो जुना भाग टाकू नका. तो कागदात गुंडाळा, वर लिहा : कशातला, काय, किती मापाचा, कोणत्या तारखेला काढला. पन्नास वर्षांनी कुणी तरी ‘याचं सामान मिळत नाही’ असे म्हणेल, तेव्हा ती चिठ्ठी त्याच्या हाती लागेल.